गिरणीची मूठ

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे, आणि मित्रांनो, माझ्यामुळे एक चार वर्षांची मुलगी सहा महिने आजारी होती. आपली कहाणी सांगताना आधी आपले कौतुक सांगायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट पोटात ठेवून स्वतःचे गोडवे गाणे मला जमणार नाही. म्हणून आधी कबुली, मग कौतुक.

मी राहते भोकरमळ्यात. विश्रांतवाडी मागे टाकून आळंदी रस्त्यावरून आत वळले की आमचे गाव लागते. कागदोपत्री आता ते पुणे शहर आहे. पावसाळ्यात रिक्षा चिखलात रुतली की रिक्षावाला मात्र त्याला अजून गावच म्हणतो, आणि पुढे आणखीही काही म्हणतो.

माझे लोखंडी अंग गुजरातेतल्या एका कारखान्यात घडले. चाळीस वर्षांपूर्वी गेनबाने बैलजोडी विकून मला आणले. त्यामुळे त्याची बायको मथुराबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि माझ्याकडे बघितलेही नाही. गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की त्यांवर छिन्नीने पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणे म्हणतात. ते काम करायला कसबा पेठेतला एक कारागीर येई. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने मला नीट तपासले, बाहेर जाऊन चहूकडे पाहिले आणि म्हणाला, "गिरणी उत्तम आहे, गेनबा. आता गाव कधी आणणार?" तेव्हा भोकरमळ्यात सारी चाळीस घरे होती.

नवव्या दिवशी मथुराबाईचा राग उतरला. तिने मला हळदकुंकू लावले, स्वतःची ज्वारी दळून घेतली. संध्याकाळी गेनबा मला झाडून-पुसून रिकामी करायला लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"समदं काढू नगा. मूठभर पीठ ऱ्हाऊ द्या तिच्या पोटात. गिरणी उपाशी झोपली तर गाव उपाशी झोपंल."

त्या दिवसापासून माझ्या पोटात रोज मूठभर पीठ राहू लागले. सकाळी पहिले दळण टाकण्याआधी मथुराबाई ते काढून एका पितळी डब्यात ठेवी. आदल्या दिवशी ज्यांनी ज्यांनी दळले, त्या सगळ्या घरांचे चिमूट चिमूट पीठ त्यात असे. गावात कुणी बाळंतीण असली, कुणाचे मूल अंग धरत नसले, तर मथुराबाई त्या घरच्या दळणात डब्यातली एक मूठ हळूच टाकी. सगळ्या गावाचा घास पोटात गेला की लेकरू उभे राहते, असा तिचा विश्वास होता. मूठ कुणाला दिली हे सांगायचे नाही. या हाताचे त्या हाताला कळू द्यायचे नाही. लोक या मुठीला 'गिरणीची मूठ' म्हणत, आणि खरे सांगते, मला त्या नावाचा फार गर्व होता.

मग शहर आले. आधी मोजणीवाले आले, मग खडी आली, मग रस्ता आला. नळाचे पाणीही निघाले आहे, पण ते अजून वाटेत आहे. गेनबाच्या ज्या शेतातली ज्वारी मी इतकी वर्षे दळली, त्यावर बारा मजली इमारत उठली. तिच्या नावात कुठेतरी 'ग्रीन' आहे. ज्वारी होती तेव्हा ते शेत खरोखरच हिरवे होते, पण तेव्हा कुणी पाटी लावली नव्हती.

इमारतींबरोबर माणसे आली. मी माणसे धान्यावरून ओळखते. लातूरकडचा उत्तरेश्वर चाकणच्या कारखान्यात कामाला, त्याची ज्वारी गावाकडून पोत्याने येई. बिहारचे सेंट्रिंगवाले भाजलेले चणे आणत. त्यांच्या सत्तूचा वास दुपारपर्यंत रेंगाळे. नेल्लूरच्या अम्मा धुऊन वाळवलेले तांदूळ आणत आणि शेजारी उभ्या राहून बोटांत पीठ चोळून बघत. केरळच्या दोन नर्सबाईंना तांदूळ जाडसरच लागे. गेनबाने बारीक दळले की त्या हसून डोक्याला हात लावत.

मथुराबाईला हे सगळे सुरुवातीला मुळीच रुचले नाही. "गावचे डबे म्होरं, बाकीचे मागं," असा तिचा कायदा. दोन रांगा, आणि मागच्या रांगेने ताटकळायचे. मग एकदा नेपाळी वॉचमनने आपल्या पिशवीतले कोदो तिच्या हातावर ओतले. ती दाणे निरखत राहिली. "आरं, ही तर आपली नाचनीच की!" म्हणाली, आणि त्याची पिशवी उचलून तिने पुढच्या रांगेत ठेवली. त्यानंतर दुसरी रांग कधी मोडली हे मलाही नीट सांगता येणार नाही. पितळी डब्यातल्या मुठीत मात्र आता चार मुलखांचे पीठ जमू लागले.

पुढे पाकिटातले पीठ आले, घराघरांत घरघंटी आली. माझा पट्टा दुपारपर्यंत हलेना. पूर्वी दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राही, तेव्हा लोक गेनबाच्या नावाने ओरडत, आता गुरुवार कधी आला नि गेला ते कुणाला कळत नसे. बाळंतिणीही दवाखान्यातून परस्पर इमारतीत जात. पितळी डबा तसाच भरलेला राही.

अशा दिवसांत दीपमाला आली. यवतमाळकडची, त्या बारा मजली इमारतीत राहणारी, आयटीत नोकरी करणारी. तिच्या कडेवर राजनंदिनी होती. नाव अंगापेक्षा मोठे, हातपाय चिपाडासारखे, पोट तेवढे फुगलेले.

"काका, हिला गहू अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी स्ट्रिक्टली सांगितलंय, कणसुद्धा नको. गहू पोटात गेला की हिच्या आतड्यांना त्रास होतो. ही ज्वारी सेपरेट दळाल ना?"

"ज्वारीच्या मागंच ज्वारी टाकतो, ताई. काळजी करू नगा," गेनबा म्हणाला, आणि बिचाऱ्याने शब्द पाळला. एवढ्याने भागत नाही, माझ्या दगडांच्या खाचांत जुना गहू बसलेलाच असतो, हे त्यालाही कळले नाही आणि मलाही.

दळण होऊन दीपमाला फोनवर बोलायला बाहेर गेली. मथुराबाई केव्हाची त्या पोरीकडे बघत होती. तिने पितळी डबा उघडला आणि एक मूठ राजनंदिनीच्या डब्यात टाकून वरून हात फिरवला.

"अगं, त्या पोरीला गहू चालत न्हाय म्हनली न्हवं?" गेनबा हळूच म्हणाला.

"ही काय चपाती हाय व्हय? परसाद हाय. परसाद कवा बाधतोय का?"

गेनबाने डब्याचे झाकण लावले. आणि मित्रांनो, मला तर आनंदच झाला. किती दिवसांनी माझी मूठ कुणाच्या तरी कामी आली होती!

दर शनिवारी दीपमाला येई, तिची पाठ वळली की मूठ पडे. पोरगी मात्र वाळतच चालली. दीपमालाने घरातला तवा बदलला, डबे बदलले. हिंगात गव्हाचे पीठ असते असे कळल्यावर हिंगही बंद केला. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली. पोरीची दशा मथुराबाई दर शनिवारी बघे. माया कमी पडते आहे असे वाटून तिने एकाच्या दोन मुठी केल्या.

एका शुक्रवारी सकाळी दीपमालाऐवजी तिची सासू डबा घेऊन आली. प्रेमलाबाई त्यांचे नाव. नातीला सांभाळायला वर्षभर येऊन राहिल्या होत्या. डबा गेनबाकडे देऊन त्या पोत्यावर टेकल्या.

"हे माह्या हातचं शेवटचं दळन. उद्याच्या गाडीनं चालली मी यवतमाळले."

"आवं, आन् पोरीला कोन बघंल?" मथुराबाईने विचारले.

"पाळनाघरात ठेवतीन म्हनते." प्रेमलाबाईंनी पदराने नाक पुसले. "डॉक्टर म्हनते, पोरीच्या पोटात कुठूनतरी गहू जाऊन राह्यला. घरात दिवसभर कोन असते? मीच. सूनबाई तोंडानं काही बोलली नाई, बाई. पन परवा माह्या पिशवीत हात घालून बिस्किटं शोधत होती. म्या पाह्यलं."

ज्वारी दळून होत आली होती. मथुराबाईचा हात पितळी डब्यात होता. तो तिथेच राहिला.

त्या क्षणी मला सगळे कळले, आणि माझ्या आधी तिला कळले. ती गप्प बसली असती तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. उद्यापासून मूठ बंद केली असती, पोरगी आपोआप सुधारली असती, आणि आजी गेल्यावर नात बरी झाली म्हणून प्रेमलाबाईंवरचा आळ जन्मभर पक्का झाला असता. मला तोंड नाही. मी फक्त खडखडत होते. गेनबाने खटका ओढून मला थांबवले.

"प्रेमलाताई," मथुराबाई म्हणाली, "गहू म्या दिला."

तिने मूठ उघडून पीठ दाखवले आणि सगळे सांगितले, दोन मुठींचेही. प्रेमलाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या पिठाला बोट लावून पाहिले.

"काहून, बाई?"

"माया आली म्हनून."

"तुमची माया आन् आळ माह्यावर!" एवढे बोलून त्या रडायला लागल्या. मथुराबाईने त्यांना हात लावला नाही. तेवढा हक्क आपल्याला उरला नाही, हे तिला समजत होते.

"चला," ती उठली. "तुमच्या सुनंला म्या सांगते."

आपल्या शेतावर उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत मथुराबाईने तोवर पाऊल टाकले नव्हते. त्या दिवशी ती सातव्या मजल्यावर गेली. अर्ध्या तासाने एकटीच परत आली.

"काय झालं?" गेनबाने विचारले.

"त्येंच्या सुनंनं दार उघडलं. म्या सांगितलं. तिनं दार लावलं."

शनिवारची गाडी प्रेमलाबाईंशिवायच गेली. दीपमाला आपल्याला मिठी मारून तासभर रडली, असे त्यांनीच पुढे सांगितले.

गेनबाने मला पूर्ण उघडले. माझे पोट त्याने पहिल्यांदाच तळापर्यंत रिकामे केले. पितळी डबाही घासून पालथा घातला. कसबा पेठेतून कारागिराला बोलावणे गेले. तो आता म्हातारा झाला आहे, जीभ तेवढी तरुण आहे.

"गव्हाचा कण राहता कामा नये," गेनबा म्हणाला.

"कण मी काढीन. हमी हवी असेल तर देवाला बोलवा. आणि देवाला वेळ नसेल तर दगड बदला आणि गहू कायमचा बंद करा."

गेनबाने दगड बदलले, पीठ पडते ती कापडी सोंड बदलली आणि दारावर पाटी लावली: 'येथे गहू दळून मिळणार नाही. कारण मथुराबाईंना विचारावे.' दुसरे वाक्य मथुराबाईनेच लिहायला लावले होते. जो विचारी त्याला ती सगळे सांगे. काही हसत, काही हळहळत, एकदोघींनी तिला तोंडावर बोल लावला. तो तिने ऐकून घेतला.

निम्म्याहून जास्त काम गव्हाचेच होते. मला वाटले, आता आपण भंगारात. पण चणे आले, तांदूळ आले, कोदो आले, उत्तरेश्वरची ज्वारी आली. एकेकाळी मागच्या रांगेत ताटकळणाऱ्यांच्या धान्यावर माझा पट्टा फिरत राहिला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

दोन महिन्यांनी दीपमाला आली. डॉक्टरांना विचारूनच आली होती. हाताची घडी घालून माझ्यासमोर उभी राहिली आणि शेवटचा कण पडेपर्यंत गेनबाच्या हातांवरची नजर तिने काढली नाही. मथुराबाईशी एक शब्द बोलली नाही. असे कितीतरी शनिवार गेले. राजनंदिनीच्या गालांवर हळूहळू मांस चढले. कडेवरची पोर बोट धरून चालत येऊ लागली, मग बोट सोडून पळू लागली. मथुराबाई कोपऱ्यातून बघे आणि हात पदराखाली ठेवी.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मला तेलपाणी वेळेवर मिळते, माझी तक्रार नाही. मी एवढेच मागते, की कुणाची माया आली तर जरूर हात पुढे करा, पण त्याआधी एकदा विचारा. नुसते विचारणे किती जड जाते, ते मी परवाच पाहिले.

परवा शनिवारी दीपमालाचा फोन वाजला. तिला कामासाठी तातडीने घरी जावे लागणार होते, आणि प्रेमलाबाई एका लग्नाला गावी गेल्या होत्या. ती दोन पावले गेली, थांबली, वळली.

"काकू, तासभर हिला इथे ठेवू? चालेल?"

मथुराबाईने मान हलवली. दीपमाला गेली. राजनंदिनी पोत्यांवर उड्या मारत होती. मारता मारता थांबली आणि म्हणाली, "आजी, भूक लागली."

मथुराबाईने फडताळातून गुळाचा खडा काढला. हात पोरीपर्यंत नेला आणि मागे घेतला. मग गुडघे दुखत असतानाही ती अनवाणी रस्त्यावर धावली. दीपमाला कोपऱ्यावर पोचली होती.

"ताई!" मथुराबाईने गूळ उंच धरून हाक मारली. "तिला भूक लागलीया. ह्यो गूळ देऊ का?"

दीपमाला वळली. त्या उघड्या हातावरच्या गुळाकडे तिने पाहिले, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

"द्या ना, काकू," ती म्हणाली. "तुमच्या हातानेच द्या."