फोडलेल्या कळ्या

बघू बांधालगतच्या ओळीत उकिडवा बसला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि झेंडूच्या कळीला नख लावणार, तोच थबकला. कळी आधीच कुणीतरी फोडली होती. शेजारची पण. तिच्या शेजारची पण.

“उंदीर नाहीत ते,” मागून बायकोचा आवाज आला. “मीच आहे.”

कुठल्याही प्रश्नाला ‘बघू’ म्हणायची सवय, म्हणून सगळे त्याला बघूच म्हणत. लग्न ठरवतानाही त्यानं तेच उत्तर दिलं होतं, असं बायको सांगते. झेंडूला मात्र त्यानं पटकन हो म्हटलं. फुलबाजाराचा भाव सकाळी राजा, दुपारी भिकारी. त्यापेक्षा कारखाना बरा. कारखाना फुलांचा रंग काढून कोंबड्यांच्या खाद्यात घालायचा, म्हणजे अंड्यातला बलक पिवळाधमक दिसतो. त्यासाठी फूल मात्र गडद केशरीच हवं. पिवळं एक जरी सापडलं तरी अख्खं रान नापास. कोंबडीचं मत कुणी विचारलं नव्हतं. बघूनं सगळ्या रानात झेंडूच लावला होता, आणि कारखान्याचा माणूस उद्या पाहणीला येणार होता.

“रंग काय निघाला?”

बायकोनं दोन्ही मुठी उघडल्या. एकीत केशरी चुरा, दुसरीत पिवळा.

“तुझ्या भावानं दिलेली रोपं—”

“आज भाऊ नका म्हणू. रोपवाटिकावाला म्हणा. मलाही शिव्या द्यायला सोपं जाईल.”

पानं सारखी, खोडं सारखी. कळी फोडल्याशिवाय रोपाच्या पोटातलं कळेना. मग दोघं कामाला लागली. प्रत्येक रोपाची एक कळी फोडायची, पिवळी निघाली की रोप मुळासकट उपटायचं. दुपारी मेव्हणा स्कूटरवरून आला. तोंड उतरलेलं.

“दाजी, बियाणंच वरून भेसळीचं आलं. आईशप्पथ!”

“आईला मधे घेऊ नकोस, ती माझीही आहे,” बहीण म्हणाली. “चपला काढ आणि त्या टोकाकडून सुरू हो.”

अंधार पडेपर्यंत तिघं कळ्या फोडत, रोपं उपटत राहिली. रान शिकाऊ न्हाव्याच्या हाताखालून उठलेल्या डोक्यासारखं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस ओळीओळीतून फिरला. मनात येईल तिथं वाकायचा, कळी फोडायचा. केशरी. पुढं. केशरी.

“रंग पास,” अखेर तो म्हणाला. “पण निम्मं रान रिकामं कसं? रोपवाटिकावाल्यानं भेसळ दिली का? तसं असेल तर सांगा, उद्यापासून त्याचं एक रोप कुणी उचलणार नाही.”

मेव्हणा बांधावर उभा होता. बघूनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

“रोपं चांगली होती. माझ्याकडूनच पाणी जास्त झालं. मुळं कुजली.”

“इतकी वर्षं शेती करून?”

“हो ना.”

तो माणूस हसला आणि मान हलवत गाडीत बसला.

धुरळा खाली बसला. मेव्हणा बांधावरून उतरला, एका रिकाम्या खड्ड्यापाशी बसला आणि हातानं माती ओढून तो बुजवू लागला. मग पुढचा. या हंगामात तिथं काहीच लावायचं नव्हतं.