आधुनिक शास्त्रीय, बुधवार, दुपारी चार

मी माईक बोलतोय. टपली मारून बघू नका, चालू आहे मी. आजवर सगळ्यांचं बोलणं पोहोचवलं. आज एक निरोप माझा स्वतःचा आहे आणि तो कुणाच्या गळ्यात घालावा हेच कळेनासं झालंय.

जन्म कारखान्यातला. गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानातून मला लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी उचललं. तिथं माणसांची एक खोड कळली. बोलायच्या आधी त्यांना माझ्या डोक्यावर टकटक करायची असते, नाहीतर तोंड लावून फू फू फुंकायचं असतं. नवरदेवाचे मामा तर दोन्ही करतात. माझ्या जाळीला पोचे आले, पुढं ऑर्केस्ट्रा मोडला आणि मी एका कॉलेजच्या रेडिओ केंद्रात आलो. केंद्र छोटं. आवाज जेमतेम चिकलठाण्यापुढच्या शेतांपर्यंत जाणारा.

तिथं मोनाली भेटली. राहायला बजाजनगरला, वडील वाळूजच्या कंपनीत, ही संगीताच्या दुसऱ्या वर्षाला. दर बुधवारी दुपारी चार वाजता अर्धा तास तिचा कार्यक्रम असायचा, 'आधुनिक शास्त्रीय'. देशोदेशीचे आजचे रचनाकार व्हायोलिन-पियानोसाठी जे नवं शास्त्रीय संगीत लिहितात, ते ती लावायची आणि जीव तोडून समजावून सांगायची. मला तिनं कधी टपली मारली नाही.

त्या संगीतात मध्येच लांबलचक शांतता असते. आमचा संगणक मात्र अडाणी. दहा सेकंद आवाज आला नाही की केंद्र बंद पडलं असं समजून तो आपण होऊन जिंगल वाजवतो. पहिल्याच बुधवारी त्यानं एका रचनेचा असा विचका केला की पोरगी रडली. मग तिनं युक्ती काढली. शांतता सुरू झाली की ती माझं बटण चालू करायची, तोंड जवळ आणायची आणि हळूच श्वास घ्यायची. तेवढ्यानं संगणक गप्प बसायचा. मला तो श्वास फार आवडायचा. फुंकणारे पुष्कळ भेटले होते, नुसता श्वास घेणारी ही एकटीच.

पण ऐकत होतं कोण? केंद्राचे प्रमुख मधुसूदन सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत पाच श्रोत्यांचे फोन आले नाहीत तर कार्यक्रम बंद. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं. दोन बुधवार फोन मुकाच राहिला. तिसऱ्या बुधवारी मोनाली माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "कुणी ऐकत असाल तर नुसती रिंग द्या. बोलू नका हवं तर." माझ्यानं जेवढं लांब नेववलं, तेवढं मी ते नेलं.

आणि फोन वाजला. फोनच्या स्पीकरवर चिकलठाण्यापलीकडच्या गोजरबाई बोलत होत्या.

"बाई, तुमी शास्त्रीय शास्त्रीय म्हणता, म्हणून मी दर बुधवारी कान लावून बसते. आमच्या आल्याचे गड्डे कुजायलेत. त्याचं कवा सांगणार?"

शास्त्रीय म्हणजे शास्त्रीय शेती, असं त्यांनी धरलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? शब्द एकच. मोनालीचा चेहरा उतरला. खरं सांगावं तर हाताशी आलेला एकुलता एक फोन जाणार. ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी सांगते, मावशी."

पुढच्या बुधवारी तिनं शेती शिकणाऱ्या ऋतुराजकडून माहिती लिहून आणली, पाच मिनिटं वाचली आणि उरलेला वेळ संगीत लावलं. फोन आले. पाच नाही, नऊ. कुणाचा आल्याबद्दल, कुणाचा मोसंबीबद्दल. व्हायोलिनबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सर खूश झाले. त्यांनी ठरवलं, पुढच्या महिन्यापासून पूर्ण अर्धा तास शेती, बोलणार ऋतुराज, नाव मात्र तेच.

"ते फोन माझ्या संगीताला नव्हते, सर," मोनाली म्हणाली. "मी ओढून आणले."

"म्हणूनच तर शेती ठेवतोय," सर हळू आवाजात म्हणाले.

तिनं हेडफोन काढून ठेवला आणि गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गेल्या बुधवारी गोजरबाईंचा पुन्हा फोन आला. ऋतुराजनं प्रश्न विचारा म्हटलं.

"प्रश्न नाय काही. आलं वाचलं माझं. ती पोरगी कुठं गेली? ते बाजे मला काय कळत नव्हते. पण बाजा थांबला की तिचा श्वास ऐकू यायचा. मालक गेल्यापासून घरात दुसऱ्याचा श्वास ऐकला नव्हता, बाबा. पिकाचं नंतर नंतर मी विसरूनच जायची. त्या श्वासासाठी लावायची रेडिओ."

ऋतुराजनं बरं म्हणून फोन ठेवला. शेतीचा प्रश्न नव्हता, म्हणून वहीत नोंदही केली नाही. ऐकलं त्यानंही, पण मनात ठेवलं ते मी एकट्यानं.

आता ऋतुराज बोलण्याआधी मला फुंकतो. पान उलटताना अडखळतो, दहा सेकंद होतात आणि जिंगल वाजते. मोनाली कधीतरी काचेच्या दारावरून जाते, मान खाली घालून. माझा जीव नुसता तडफडतो. हाक मारीन म्हटलं तरी कशी मारू? माझ्यात कुणी बोलल्याशिवाय मला आवाज नाही.

म्हणून तुमच्या पाया पडतो. बजाजनगरच्या बसमध्ये खिडकीशी, कानात काहीतरी घालून डोळे मिटून बसलेली मुलगी दिसली, तर तिला एवढं सांगा. पाच नव्हते गं, पण एक फोन तुझाच होता.