वरचा रूळ

“तोंड बंद! फक्त वर बघ आणि सांग!” मामा फोर्कलिफ्टवरून खेकसला.

“तोंड बंद ठेवू की सांगू? एक काहीतरी ठरव!” भाची उसळली. “सहा महिने इथे रॅकच्या तोंडाशी उभी राहून ‘वर घे, खाली घे’ ओरडतेय. लायसन्स काय फ्रेम करून भिंतीला टांगू?”

“आधी बघायला शीक.”

गोदामातल्या या रॅकना मधे वाटाच नव्हत्या. जागा वाचावी म्हणून सगळे एकमेकांना चिकटून उभे. फोर्कलिफ्टच रॅकच्या पोटात शिरायची, दोन्हीकडच्या रुळांवर मालाने लादलेली लाकडी पॅलेट टेकवायची आणि तशीच मागे सरकत बाहेर यायची. पॅलेट रुळाच्या जरा वर उचलूनच आत जायचं. खाली राहिली तर थेट धडक, आणि अख्खी रांग अंगावर.

मामा आत शिरला की भाचीचा राग विरघळायचा, हेच तर तिला खटकायचं. गाडी आणि खांब यांच्यात तळहात मावेल एवढी फट, तरी एकाही खांबाचा रंग त्याने कधी खरवडला नव्हता. सुईत दोरा ओवावा तशी तो गाडी ओवायचा.

आज मात्र ती पेटलीच होती. बघू या, माझ्यावाचून याचं काय अडतं ते. मामाने पॅलेट उचलली. ती गप्प.

“बोल की.”

ती गप्पच.

पॅलेट रुळाच्या चांगली वीतभर खाली होती, इथून लख्ख दिसत होतं. मामा मान वर करून बघत राहिला. डोळे बारीक केले, मिटले, परत उघडले. गाडी जागची हलली नाही.

“आहेस ना गं?” आवाजात आता खेकसणं नव्हतं.

ती दोन पावलं पुढे सरकली.

“आहे, मामा. वीतभर वर घे. अजून थोडी. बास.”

गाडी शिरली. पॅलेट टेकली, जराही आवाज न करता. बाहेर येऊन मामा उतरला आणि किल्ली त्याने तिच्या हातावर ठेवली.

“पुढच्या तू घाल.”

“आणि वर कोण बघणार?”

“तुला कुणी लागत नाही. सहा महिने तेच तर केलंस.” त्याने डबा उचलला. “डोळ्यांच्या डॉक्टरला दोनदा टांग दिली. आता निघायला हवं मला.”