दिनानाथचा अंगठा

इंदुबाईने कमळाकरवर तीसेक वर्षं डूख धरला होता आणि त्यात आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. बायका देव सांभाळतात तसा ती हा राग सांभाळायची. रोज धुऊनपुसून जागच्या जागी ठेवायची.

कारणही तसंच होतं. तिच्या नवऱ्याने, दिनानाथने, रोह्याच्या बाजारपेठेत कॉम्प्युटरचा क्लास काढला तेव्हा लोक चपला बाहेर काढून कॉम्प्युटर बघायला येत. यंत्र एकच. कीबोर्डसकट एका जाडजूड खोक्यात बसवलेलं, टीव्हीला जोडायचं आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम चढवायचा. दिनानाथ यंत्र सांभाळायचा, शिकवायची इंदुबाई. पहिल्या दसऱ्याला त्याने यंत्राची पूजा केली, पण कुंकू इतकं ओलं कालवलं की टिळा लावताना अख्खा अंगठाच खोक्याच्या कोपऱ्यावर उमटला. प्लास्टिक तो पिऊन बसलं. काही केल्या पुसला जाईना. "अंगठाबहाद्दराने कॉम्प्युटरचा क्लास काढलाय," म्हणून इंदुबाई त्याला चिडवायची.

दिनानाथ ऐन तिशीत गेला. दिवसकार्य उरकतंय तोवर धाकट्या दिराने, याच कमळाकरने, क्लासला आपलं कुलूप घातलं. "कॉम्प्युटर काय बायकांचं काम नाय. तू पेणला भावाकडं जा," म्हणाला. तिने फक्त तो कॉम्प्युटर मागितला. तोही त्याने दिला नाही. मग ती पेणला भावाच्या, कान्हूच्या, गणपतीच्या कारखान्यात रंगाला बसली ती आजतागायत.

कमळाकरला क्लास काही झेपला नाही. शिकवायला यावं लागतं ना! त्याने जुन्या मोटारसायकलींचा धंदा काढला. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं त्याचं गिऱ्हाईक. गाडी कसलीही असो, दाखवण्याआधी तिच्यावर रंगाचा हात मारायचा, हा त्याचा नियम. रंग मारला की गिऱ्हाईक खाली वाकून बघत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

यंदा गणपती गेले, कारखान्यात जरा उसंत मिळाली, आणि इंदुबाईला एक फोन आला. जुने कॉम्प्युटर जमवणारा प्रणित नावाचा कुणी होता. राहायला बंगळुरूला, मूळचा नाशिकचा. क्लासच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, पिंकीने, त्याला नंबर दिला होता.

"तुमच्या दिरांकडचा कॉम्प्युटर मी दसऱ्याला घेतोय," तो म्हणाला. "क्लास त्यांनीच काढला असं ते म्हणतात. पण फोटोत कोपऱ्यावर एक कुंकवाचा अंगठा दिसतो. तो कोणाचा?"

इंदुबाईने उत्तराऐवजी विचारलं, "पिवळा पडला असेल तो. असल्या जुन्याला किंमत असते?"

"पिवळेपणालाच तर किंमत आहे. तशी यंत्रं माझ्याकडे आहेत, पण दसऱ्याची पूजा अंगावर असलेलं एकही नाही. मी नव्या मोटारसायकलीचा भाव देतोय तो त्या अंगठ्यासाठी. दिरांना हे बोललो नाही, नाहीतर भाव वाढवतील. जसा आहे तसा ठेवा, एवढंच सांगितलंय. रंग लागलेलं यंत्र मी फुकटसुद्धा नेत नाही."

"दसऱ्याला मी येते," इंदुबाई म्हणाली. "समोरच सांगते."

त्याच आठवड्यात कमळाकरची गाडी गडबमार्गे पेणला येऊन कारखान्यासमोर थांबली. इतक्या वर्षांत भावजय जिवंत आहे का हे न विचारणारा माणूस चादरीत गुंडाळलेलं खोकं कवेत घेऊन आत आला.

"काय गो वहिनी, बरी हायस ना?" त्याने चादर सोडली. "बघ कसा पिवळा पडलाय. तुमचा तो गणपतीचा पांढरा मार, वर सोनेरी कड काढ. दसऱ्याला गिऱ्हाईक यायचाय."

"गिऱ्हाईकाने रंगवायला सांगितलंय?"

"तो म्हणतो जसा हाय तसा ठेवा. असं सगळेच बोलतात नि चकचकीत गाडीच उचलतात. धंदा कळतो मला." त्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "नि हा डाग पण घालव."

इंदुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने शांतपणे विचारलं, "भाऊजी, डाग कसला हाय, आठवतंय काय?"

कमळाकरने वाकून नखाने खरवडून पाहिलं. "कुणाचं तरी कुंकू सांडलं असंल. घालव."

त्याने नुसतं 'दादाचा' म्हटलं असतं, तरी तिने यंत्र जसंच्या तसं परत पाठवलं असतं आणि प्रणितचं बोलणंही सांगून टाकलं असतं. तो म्हणाला नाही. चहा पिऊन निघूनही गेला.

रंग धरायचा तर आधी पॉलिश पेपरने घासावं लागतं. इंदुबाई यंत्र मांडीवर घेऊन बसली. कान्हू जवळ आला. "एवढा कोपरा सोड, इंदू. माझ्या दाजींचा अंगठा हाय तो."

"सोडला तर त्याच्यावर तो पैसे घेईल. भाऊ मेल्यावर त्याचा क्लास खाल्ला. आता अंगठा विकून खाईल? मी देणार नाय."

आणि तिने सगळ्यात आधी तो अंगठाच घासला. हुंदका देत घासला, पण हात थांबवला नाही. पॉलिश पेपरला लालसर भुकटी लागली. त्याची घडी करून तिने कमरेला खोचली आणि रंग फवारायची गन हातात घेतली. मग असा रंग मारला की हात फिरवावा तर बोट घसरावं. कुठे थेंब नाही, ओघळ नाही. सोनेरी कड तर देवाच्या मुकुटावर काढावी तशी.

दसऱ्याला सकाळी कमळाकरने रोह्याच्या दुकानात माणसं जमवली होती. आपट्याची पानं देत तो प्रत्येकाला सांगत होता, "तालुक्यातला पहिला क्लास मी काढला." प्रणित आल्यावर त्याने ऐटीत चादर ओढली.

प्रणितचा चेहरा पडला. "हे काय केलंत?"

"पेणचा रंग हाय, साहेब!"

प्रणित कोपरा चाचपत राहिला. "इथे अंगठा होता."

"होता," इंदुबाई माणसांतून पुढे झाली. "माझ्या नवऱ्याचा, दिनानाथचा. क्लास त्यांचा, शिकवायची मी. आणि यांनी तो मला डाग म्हणून घालवायला सांगितला."

"बाई खरं बोलतायत," पिंकी मागून म्हणाली. "आम्हाला बाईंनीच शिकवलं. हे नुसते फी गोळा करायला येत."

लोक हसले. प्रणितने इंदुबाईला हात जोडले आणि कमळाकरकडे न बघता तो पायऱ्या उतरला. कमळाकर आपट्याची पानं मुठीत चुरगळत उभा होता.

"वहिनी, तुला ठाव होतं?"

"व्हय. तुम्ही पेणला यायच्या आधीपास्नं."

"मग बोलली का नायस?"

"विचारलं होतं की मी. डाग कसला म्हणून."

कमळाकरने पानं भिरकावली. "ने हा कचरा घरी!" तो ओरडला. तीस वर्षांपूर्वी मागितलेला कॉम्प्युटर इंदुबाईने असा मिळवला आणि रिक्षात मांडीवर घेऊन पेणला आणला. वाटेत तिला इतकं हलकं वाटत होतं की ती चक्क गुणगुणत होती.

कारखान्यात कान्हू दसऱ्याच्या पूजेसाठी खोळंबला होता. गन, कुंचले, साचे पाटावर मांडलेले. इंदुबाईने यंत्र शेवटी ठेवलं, कुंकू चांगलं ओलं कालवलं आणि त्याच कोपऱ्यावर अंगठा टेकवला. कुंकू सरळ ओघळून खाली आलं. तिने पुसून पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं.

"धरत नाय गो," कान्हू हळूच म्हणाला.

"कसं धरंल? मीच मारलाय तो हात."

पश्चात्ताप तिला नव्हता. कमळाकर पुन्हा ते खोकं घेऊन आला असता तर तिने पुन्हा घासलं असतं. मग तिने घासल्या दिवसापासून कमरेला असलेली घडी काढली, तो लालसर पॉलिश पेपर उलगडून यंत्रासमोर पाटावर ठेवला आणि त्याच्यावर अंगठा टेकवला. खरखरीत कागदाने कुंकू लगेच धरलं.