उलट दिसलं म्हणजे बरोबर

भालचंद्र करमरकरांना उलटं वाचता येत असे. इतकं सहज, की मागून अँब्युलन्स आली तर स्कूटरच्या आरशात सरळ दिसणारी तिची अक्षरं वाचताना ते अडखळत.

ही कला त्यांना धंद्याने दिली. टीव्ही उघडला की आत जी हिरवी पाटी दिसते, तांब्याच्या रेघांची, तिला सर्किट बोर्ड म्हणतात. त्या रेघा कुठून कुठे जाव्यात हे कॉम्प्युटरवर काढून देणं हे त्यांचं काम. बोर्डाला दोन बाजू असतात. डॉसवरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खालची बाजूही वरूनच दिसे, जणू बोर्ड काचेचा आहे. म्हणजे खालची अक्षरं पडद्यावर उलटी दिसली तरच बोर्डावर सरळ उमटायची. उलट दिसलं म्हणजे बरोबर. या एका सूत्रावर त्यांनी आधी सरकारी प्रयोगशाळेत आणि मग गुडगावच्या खाजगी कंपनीत केस पांढरे केले.

सरकारी नोकरी त्यांनी आपण होऊन सोडली. उदारीकरण आलं तेव्हा सगळे म्हणत होते, आता लायकीला भाव येणार. भालचंद्रांना ते आपल्याबद्दलच चाललंय असं वाटलं. पेन्शनवर पाणी सोडून ते दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मंडळींच्या सोसायटीत राहायला आले. तिथे त्या काळी सोडायलाही पाणी टँकरनेच यायचं. फ्लॅटचं कर्ज आणि गुडगावची नोकरी एकमेकांच्या आधाराने उभी होती. एक हललं असतं तर दुसरं पडलं असतं.

दिवाळीनंतर त्या सॉफ्टवेअरचं विंडोजवरचं नवं व्हर्जन आलं. मालक राजीव खन्नांनी भालचंद्रांना आणि इंद्रजितला केबिनमध्ये बोलावलं. इंद्रजित पुण्याचा, तिशीतला, दर रविवारी करमरकरांकडे जेवणारा.

"भालचंदर जी, खुशखबर है," खन्ना म्हणाले. "अब दो डिझायनर का काम एक करेगा."

कोणता एक, हे कसं ठरणार तेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. एसटीडी बूथच्या मीटरचा बोर्ड भालचंद्रांनी नव्या व्हर्जनमध्ये काढायचा, इंद्रजितने तपासायचा. "ठीक निकला तो आप रहेंगे, आप सीनियर हैं. नहीं निकला तो इंदरजीत."

म्हणजे चूक शोधून दिली की तपासणाऱ्याची नोकरी जाणार, आणि सोडून दिली की राहणार. अशी ती काटेकोर तपासणी होती.

नवं व्हर्जन शिकवायचं कामही इंद्रजितकडेच आलं. तो पुण्याहून त्याचा कोर्स करून आला होता. "काका, एकदम इझी आहे," तो म्हणाला. "सगळं तेच, फक्त दिसायला बदललंय."

दिसायला जे बदललं होतं ते असं. खालची बाजू बघायची म्हटली की हे व्हर्जन आपण होऊन बोर्ड पालथा करून दाखवी. पडद्यावर दिसेल तसंच बोर्डावर उमटणार. जगातल्या सगळ्या माणसांना हे सोयीचं होतं. भालचंद्रांना मात्र खालच्या बाजूला कंपनीचं नाव सरळ दिसलं आणि काहीतरी चुकलं म्हणून त्यांनी हाक मारली.

"इंद्रजित, हे सरळ दिसतंय रे."

"हो काका."

"मग उलटं करून घेऊ ना?"

इंद्रजितने पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग घड्याळाकडे. "तुम्ही सीनियर आहात काका. तुम्हाला योग्य वाटेल तसं."

भालचंद्रांनी नाव उलटं केलं. त्याच हिशेबाने मीटरची वायर जोडायचा कनेक्टरही उलटा केला. आता सगळं डोळ्याला सवयीचं दिसू लागलं. त्या दिवशी ते स्कूटरवर शीळ घालत घरी आले, आणि बायकोला, वृंदाला, म्हणाले, "उगाच घाबरलो होतो. नवं व्हर्जन म्हणजे जुनंच, नुसता रंग काढलाय."

इंद्रजितने तपासलं, सही केली, आणि बोर्ड टेम्पो भरून छापून आले.

पहिल्या मीटरला बोर्ड लावून बटण दाबलं तेव्हा धूर निघाला. दुसऱ्यालाही निघाला. तिसरा लावायला कुणी तयार होईना. खन्नांनी एक बोर्ड पालथा केला आणि भालचंद्रांच्या हातात दिला. "ये क्या लिखा है?"

भालचंद्रांनी क्षणाचाही विलंब न लावता कंपनीचं नाव घडाघडा वाचून दाखवलं.

"भालचंदर जी," खन्ना हळू म्हणाले, "आपको ये सीधा दिख रहा है?"

तेव्हा कुठे त्यांनी बोर्डाकडे दुसऱ्यांदा पाहिलं.

खन्ना इंद्रजितकडे वळले. "तुमने चेक नहीं किया?"

"किया था सर. दिखा भी था." इंद्रजितने मान खाली घातली. "लेकिन काका बड़े हैं. हमारे यहाँ बड़ों को उलटा जवाब नहीं देते."

खन्नांना हे फार आवडलं. "संस्कार देखिए," ते भालचंद्रांनाच म्हणाले.

यावर देण्यासारखं एक वाक्य भालचंद्रांकडे होतं. ते घशापर्यंत आलंही. पण वरिष्ठांना उलटून बोलायचं नाही, हा नियम त्यांनी प्रयोगशाळेपासून पाळला होता, आणि नियम काही नव्या व्हर्जनसारखे ऐन वेळी बदलता येत नाहीत. महिनाअखेर निरोप समारंभ झाला. समोसे चांगले होते.

संक्रांतीला सोसायटीची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला गेली. काला अंबच्या युद्धस्मारकाला फुलं वाहून मंडळी परत निघाली तेव्हा बसमध्ये कुणीतरी विचारलं, "करमरकर, त्या पोरावर तुमचा एवढा विश्वास होता ना?"

"विश्वास आत्ताच बघून आलो की आपण," वृंदाबाई म्हणाल्या. "पानिपतातच गेला तो."

संध्याकाळी इंद्रजित आला. नवा स्वेटर, हातात स्टीलचा डबा. वृंदाबाईंनी दार पूर्ण उघडलं नाही, पण बंदही केलं नाही.

"काकू, मनात काही ठेवू नका," तो म्हणाला. "आईने पुण्याहून वड्या पाठवल्यात. तिळगूळ घ्या, गोड बोला."

वृंदाबाईंनी वडी घेतली. आतून एक लाडू आणून त्याच्या हातावर ठेवला. "गोड तू बोलतोसच. वेळेवर बोल."

इंद्रजित हसला. काकूंचा स्वभाव विनोदी आहे हे त्याला रविवारच्या जेवणांपासून माहीत होतं. मग तो आत आला आणि भालचंद्रांच्या पायांशी वाकला.

भालचंद्र खुर्चीत बसले होते. फ्लॅटच्या हप्त्याचं पत्र त्यांच्या मांडीवर पालथं पडलं होतं आणि मागून उमटलेली अक्षरं ते वाचत होते. घशातलं ते वाक्य अजून तिथेच होतं. समोर आता साहेब नव्हते, कुणी वरिष्ठही नव्हतं. डोकं खाली घातलेला एक मुलगा होता, आणि त्याला उलटून काहीही बोलता आलं असतं.

हात सवयीने वर गेला.

"यशस्वी हो," ते म्हणाले. आयुष्यभर सगळं उलटं करत आले, आशीर्वाद तेवढा सरळ निघाला.