सगळं मिळालं

केरबाच्या रेडिओ-सेटमधला पंखा गेल्या दिवाळीपासून आवाज करायला लागला, असं केरबाचं म्हणणं. शालनचं म्हणणं, पंखा पहिल्यापासून तसाच आहे. चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांचं एकमत असं क्वचितच झालेलं, त्यामुळे बायकोच्या म्हणण्याकडे त्यानं काडीचंही लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण केरबा पडला हेकट.

तळेगावात, घोरावाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचं दोन खोल्यांचं घर. मूळ गाव परंदवडी. केरबा रेल्वेत तारेवर होता. म्हणजे बोटानं यंत्राची की दाबून टिंबं आणि रेघा पाठवायच्या, समोरून आलेली टिंबं-रेघा कानानं टिपायच्या आणि त्यांची अक्षरं करून कागदावर उतरवायची. पुढे रेल्वेतली तार बंद झाली, त्याला दुसरं टेबल मिळालं, पण बोटांची खाज काही गेली नाही. मग त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन काढलं, गच्चीवर दोन बांबूंमध्ये तार ताणली आणि पलंगाशेजारी सेट मांडला. शालन त्या सेटला माझी सवत म्हणायची. सवतीवरची धूळ मात्र रोज तीच पुसायची.

त्याच्याबरोबर लायसन काढणारा दुसरा वेडा म्हणजे भिकाजी. तोही तारेवरचाच, राहायला लोणावळ्याला. रोज सकाळी साडेसातला दोघं एकमेकांना हवेत गाठायचे, तीस वर्षं. पुढे दोघांकडे मोबाइल आले, तरी नेम सुटला नाही. फोनवर काय कुणीही बोलतं, असं भिकाजी म्हणायचा. आपली साधी मराठीच इंग्रजी अक्षरांत बसवून ते पाठवत. चहा झाला का, धुकं आहे का, गुडघा काय म्हणतो. जगाचं यात काहीही अडलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भिकाजीच्या घशात गाठ निघाली. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. डोळे त्याआधीच साखरेनं नेले होते. लिहायला पेन दिलं तर ओळीवर ओळ चढायची, आणि हात असा कापायचा की एक अक्षर लागेल तर शपथ. घरच्यांनी विचारायचं आणि त्यानं मान हलवून हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच राहिलं. डोकं खणखणीत असलेला माणूस असा जिवंतपणी कोंडला गेला. उरली ती फक्त की.

त्याच्या मुलानं, सुरजनं, बाल्कनीच्या ग्रिलला तार बांधून सेट लावून दिला. ती भाषा घरात कुणाला येत नव्हती. मोबाइलवर टिंबं ऐकून अक्षरं दाखवणारं अ‍ॅप मिळतं म्हणून सुरजनं तेही लावून पाहिलं, पण कापऱ्या हाताचं टिंब कुठं संपतं आणि रेघ कुठं सुरू होते ते अ‍ॅपला उमगेना. नुसता कचरा यायचा. केरबाला मात्र तो हात पाठ होता. थंडीत कसा अडखळतो, चिडला की कसा धावतो, सगळं.

त्यामुळे भिकाजीला जे काही म्हणायचं असेल ते सकाळी साडेसातला केरबाच्या कानात यायचं. केरबा ते वहीत उतरवायचा आणि भिकाजीच्या बायकोला, राजेश्वरीवहिनींना, फोन करून वाचून दाखवायचा. कालच्या आमटीत मीठ जास्त झालं. उशी टोचते. नातीला जरा जवळ बसवा. एकदा तर, सुरजला सांग, त्या दिवशी रागावलो नव्हतो. तेव्हा वहिनींनी ती ओळ फोनवर पुन्हा वाचायला लावली. नवऱ्याचा शब्द यांना तळेगावमार्गे मिळत होता, आणि मिळत होता म्हणून घर चाललं होतं.

आता यात तो पंखा आला. भिकाजीचे सूर आधीच बारीक. मध्ये डोंगर, त्यात ती ग्रिलची तार. शिट्टीसारखी ती नाजूक टिंबं यायची आणि नेमकी त्याच पट्टीत पंख्याची गुणगुण. दिवाळीनंतर तर निम्मी अक्षरं तिच्यात बुडायला लागली.

केरबा हात धुऊन पंख्याच्या मागे लागला. आधी शिवणयंत्राचं तेल घातलं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूखाली बसवले, पत्र्याची थरथर जावी म्हणून. मग पंखा हळू फिरावा म्हणून वायरीत वीज कमी करणारा रोध टाकला. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडून मोठ्या पात्याचा नवा पंखा आणला. याचा आवाज मांजराच्या पावलांइतकाच, अशी त्यानं हमी दिली होती. पॉवर सप्लायलाही एक पंखा होता, म्हणून तो अख्खा डबा उचलून स्वयंपाकघराच्या माळ्यावर नेऊन ठेवला. तिथून वायर आणली ती शालनच्या डब्यांवरून. शालन म्हणाली, "सवत आता चुलीपर्यंत आली व्हय?"

हेडफोन लावला तरी गुणगुण येतच होती. म्हणजे पंख्याच्या विजेची घाण सेटच्या आतच शिरते आहे, असं केरबानं ठरवलं. चुकीच्या वाटेनं जायचं पक्कं असलं की अक्कलही निमूट मागे चालते.

शेवटी पौष महिन्यात एका सकाळी त्यानं सेटचं झाकण उघडून पंख्याची वायरच उपटली. नुसतं ऐकताना सेट तापत नाही, तापतो तो पाठवताना; थोडा वेळ पंख्यावाचून चालतं. पाती फिरता फिरता थांबली.

"गेला का आवाज?" शालननं विचारलं. ती दारात कोथिंबीर निवडत बसली होती.

"न्हाई."

"न्हाई कसा? पंखा उभा हाय की."

ती उठून आली, सेटला कान लावून उभी राहिली. मग तिनं केरबाकडे बघितलं. केरबानं सेट बंद केला. भिंतीवरचं बटण बंद केलं. फ्रीज बंद केला, माळ्यावरचा डबा बंद केला. घर अगदी चिडीचूप झालं, आणि गुणगुण होती तिथंच होती, त्याच पट्टीत.

"माझं ऐका," शालन हळूच म्हणाली, "उद्याच्याला कान दाखवू."

कानाच्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. आतली नस गेली होती. आवाज बाहेरचा नव्हताच, डोक्यातला होता, आणि तो थांबवायचं औषध नव्हतं. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यानं शालनचं बोलणं आधीपेक्षा जास्त ऐकू यायला लागलं, आणि तेवढाच फरक पडला.

परतताना शालन म्हणाली, "भिकाजीभावजीस्नी सांगा आता."

"सांगतो."

त्यानं सांगितलं नाही. काय सांगणार? तुझं ऐकणारा एक कान होता, तो गेला? हे कळल्यावर भिकाजी कीवरून हात काढील आणि पुन्हा ठेवणार नाही, याची केरबाला खात्री होती. हे खरंच. पण दुसरंही एक खरं होतं, आणि ते तो स्वतःलाही सांगत नव्हता. तारेवरचा माणूस डोळ्यांनी जाईल, पायांनी जाईल, पण कानानं गेला हे म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटत होती.

मग त्यानं अंदाज मारायला सुरुवात केली. तीस वर्षांची सवय. भिकाजी काय म्हणणार हे निम्मं आधीच माहीत असायचं. पाचांतलं एक अक्षर लागलं की शब्द जुळवायचा, नाही लागलं तर नुसती वाट पाहायचा, आणि शेवटी पाठवायचा एकच खूण. एक टिंब, एक रेघ, एक टिंब. म्हणजे सगळं मिळालं.

ही खूण म्हणजे तारेवरच्या माणसाची शपथ. एक शब्द जरी सुटला तरी ती द्यायची नाही. पुन्हा पाठव म्हणायचं, दहा वेळा म्हणायचं. या खुणेवर गाड्या सुटायच्या. एका शिकाऊ पोरानं ती फुकट दिली म्हणून केरबानं भर ऑफिसात त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या. आता तोच केरबा रोज सकाळी ती देत होता. वहिनींना फोनवर सांगत होता, "आज काय इशेष न्हाई वहिनी. चहा चांगला झालता म्हनतोय." वहिनी खूश व्हायच्या. शालन स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

असं चैत्रापर्यंत चाललं.

त्या दिवशी सकाळी भिकाजी पाठवायला लागला तो थांबेचना. एरवी दहा मिनिटं, आज पाऊण तास. हात फार कापत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा चालू होत होता. बारीक शिट्टी येत होती, गुणगुणीत बुडत होती. हे चहापाण्याचं बोलणं नव्हे, एवढं केरबाला कळलं. त्यानं हेडफोन कानावर दाबून धरला, डोळे मिटले. वहीवर दोन शब्द उतरले. एक 'सांग', आणि बऱ्याच वेळानं, 'नको'.

मग हवा गप्प झाली. पलीकडे भिकाजी वाट बघत होता.

केरबाचा हात कीवर होता. पुन्हा पाठव, एवढंच म्हणायचं होतं. पाऊण तास थरथरत पाठवलेल्या माणसाला कसं म्हणायचं? आणि पुन्हा पाठवलं तरी काय ऐकू येणार होतं? त्यानं टिंब दिलं, रेघ दिली, टिंब दिलं. सेट बंद केला. त्या दिवशी त्यानं वहिनींना फोन केला नाही.

अकराच्या सुमाराला सुरजचा फोन आला. बाबांना दवाखान्यात हलवलं होतं, शुद्ध जात-येत होती, डॉक्टर म्हणत होते जवळच्यांना बोलवा. "आणि काका, सकाळी बाबा खूप वेळ बोलले. काय म्हणाले ते आई विचारतेय."

"मी येतो," केरबा म्हणाला. "आल्यावर बोलू."

घोरावाडीला तासभर थांबल्यावर लोणावळा लोकल मिळाली. दुपारची वेळ, डबा रिकामा. कामशेत गेलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपलं बोट गुडघ्यावर चाललं आहे. टिंब, रेघ, टिंब. आणि बोटाखाली गुडघ्याला ते नीट कळतं आहे. अरे, कान कशाला हवा? भिकाजीनं माझ्या तळहातावर बोट आपटलं तर? एक अक्षर सुटायचं नाही.

मग त्याचं बोट थांबलं. लोणावळा केवढं लांब? पाऊण तास. पौषापासून आजपर्यंत कोणत्याही दिवशी गाडीत बसून जाता आलं असतं, त्याच्या उशाशी बसून हात पुढे करता आला असता. सुचलं नाही म्हणावं तर तेही खरं नव्हतं. जायचं म्हणजे का आलो ते सांगायला लागलं असतं, म्हणून तो विचार त्यानं कधी जवळ येऊच दिला नव्हता.

दवाखान्यात राजेश्वरीवहिनी पलंगाशी बसल्या होत्या. त्याला बघताच उठल्या, जागा करून दिली. "भावजी आले हो," त्या भिकाजीला म्हणाल्या, आणि सुरजला म्हणाल्या, "आता कळेल."

भिकाजीचे डोळे मिटलेले होते. श्वास चालू होता. केरबा स्टुलावर बसला, भिकाजीचा उजवा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटानं पाठवायला लागला. मिळालं नाही. पुन्हा पाठव. मग आपला तळवा त्याच्या बोटाखाली धरला आणि वाट पाहिली. बोट गरम होतं. हललं नाही.

त्यानं पुन्हा पाठवलं. मिळालं नाही. पुन्हा पाठव. पुन्हा हात धरला. असं किती वेळा झालं ते त्यानं मोजलं नाही.

"दुपारी माझ्या हातावर बोट आपटत होते," सुरज म्हणाला. "बराच वेळ. मला काय कळणार? मग थांबलं."

"जाऊ दे रे, सकाळी सगळं सांगून झालंय त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, काय म्हणाले हो?"

केरबानं मान वर केली नाही. "वहिनी, मला टिंबं ऐकू येत न्हाईत. लय म्हैने झाले. सकाळचं दोनच शब्द घावलं. सांग, आन नको."

"काय सांग? काय नको?"

"त्ये न्हाई कळलं."

"पण काका, तुम्ही सगळं मिळालं म्हणालात," सुरज म्हणाला. "तेवढी एक खूण मलाही येते, बाबांनीच शिकवलीय. मी तिथंच उभा होतो. मी मोबाइलवर रेकॉर्ड करणार होतो काका. म्हटलं कशाला, काका आहेत ना."

"ती खूण आल्यावर ह्यांनी कीवरून हात काढला," वहिनी म्हणाल्या. "छातीवर ठेवला आणि मला दाखवलं, झालं सांगून. किती दिवसांनी हसले." त्या केरबाकडे वळल्या. "मग इतके दिवस तुम्ही मला फोनवर काय सांगत होतात?"

केरबाचं बोट आपलं भिकाजीच्या तळहातावर चालूच होतं, पुन्हा पाठव, पुन्हा पाठव. राजेश्वरीवहिनी वाकल्या. त्यांनी केरबाचा हात नवऱ्याच्या हातावरून उचलला, बाजूला ठेवला आणि तिथं आपला हात ठेवला.