पांढऱ्या दोऱ्याखालचा मजकूर

उस्तादांना चष्मा लागला आहे ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्यांच्या बायकोला आणि चष्मेवाल्याला. खुद्द उस्तादांना ती मान्य नव्हती. चष्मा डबीत, डबी कपाटात, आणि उस्ताद ‘आपली नजर म्हणजे ससाण्याची’ असं सांगत दाराच्या चौकटींना खांदे थडकवत घरभर फिरत.

उस्ताद मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी गळाच्या काठ्या बनवत. निदान गावातल्या गळमंडळाचा तसा समज होता, आणि उस्ताद हे नावही मंडळानेच दिलेलं. कारखान्यातून कोरी, काळी काठी यायची. तिच्यावर दोरी ओवायच्या कड्या दोऱ्याने आवळून बसवायच्या, आणि मुठीच्या वर हातभर जागेत रंगीत दोऱ्याची नक्षी गुंडाळायची. हिऱ्यांची रांग, माशाचे खवले, बाणाची टोकं, ज्याला जे हवं ते. दोरा केसाएवढा बारीक. एकेक वेढा दुसऱ्याला खेटून बसला पाहिजे, मध्ये फट दिसता कामा नये. फट दिसलीच तर चमच्याच्या पाठीने घासून वेढे सरकवायचे. शेवटी गाठ मारायची नाही. एक जादा फास आधीच वेढ्यांखाली ठेवायचा, त्यात दोऱ्याचं टोक अडकवायचं आणि फास ओढून ते टोक वेढ्यांच्या पोटात गडप करायचं.

हे सगळं बायको करायची. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, वीस वर्षं.

उस्तादांकडे तीन खाती होती. गिऱ्हाइकांशी गप्पा, शेवटचं वार्निश आणि सोनेरी शाईची सही. त्यातलं वार्निश त्यांना फार प्रिय. दोन बाटल्यांतला ऐवज समसमान घेऊन कालवायचा, कुंचल्याने काठीवर चढवायचा आणि ओघळ येऊ नयेत म्हणून काठी मोटरवर रात्रभर हळूहळू फिरत ठेवायची. “दोरा काय, विणकामच ते,” ते गिऱ्हाइकांना सांगत. “काठीचा जीव वार्निशात!” गिऱ्हाईक मान डोलवी. मागच्या खोलीत विणकाम चालू असे.

आता या बायकोचं एक गुपित होतं. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने निळ्या रंगाची छटा पसंत नाही म्हणून चार वेळा नक्षी उसवायला लावली. चौथ्या वेळी ती रडकुंडीला आली आणि तिने समोरच्या खोलीत जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, “हं.” तेवढं ‘हं’ घेऊन ती परत आली. कड्यांच्या जागा आखायचं पांढऱ्या शाईचं पेन समोरच पडलं होतं. तिने ते उचललं आणि कोऱ्या काठीवर बारीक अक्षरात लिहिलं : ‘या गिऱ्हाइकाला निळ्यातले सात निळे दिसतात, आमच्या ह्यांना घरातलं एक माणूस दिसत नाही.’ मग त्यावर निळा दोरा गुंडाळून टाकला. इतकं हलकं वाटलं तिला, की त्या दिवशी ती काम करता करता चक्क गुणगुणली.

तेव्हापासून तिच्या हातून गेलेल्या प्रत्येक काठीच्या पोटात काही ना काही होतं. ‘हा मासे धरायला जात नाही, घरातून सुटायला जातो.’ ‘हा फोटोपुरता मासा उसना घेतो.’ गावातले प्रतिष्ठित लोक आपापली अब्रू खांद्यावर टाकून तळ्यावर जात, आणि एकाला पत्ता नव्हता.

पत्ता लागणार तरी कसा? वार्निशाच्या आधी ती दोऱ्यावर आणखी एक गोष्ट लावायची, दुधासारखं दिसणारं पाणी. ते दोऱ्यात मुरलं आणि वाळलं की रंग जागच्या जागी राहतो. ते न लावता थेट वार्निश चढवलं तर दोरा तेल लागलेल्या कागदासारखा होतो, आरपार दिसायला लागतं. पांढऱ्या दोऱ्याचं तर विचारूच नका. वीस वर्षं नवरा बघत होता की बायको दोऱ्याला काहीतरी पुसते. “तुझं ते दूधपाणी,” असं तो त्याला म्हणायचा. ते कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. ते एके दिवशी आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, “उस्ताद, मला नक्षी पांढऱ्यावर हवी. दातासारखी पांढरी. निरोगी दातासारखी, माझ्याकडे येतात तसल्या दातांसारखी नव्हे.” दोघं हसले. मग डॉक्टरांनी खरी बातमी दिली. मंडळाच्या सभागृहात दर सोमवारी नक्षी शिकवायचा वर्ग निघणार होता, आणि शिकवायला उस्तादांशिवाय दुसरं कोण? उस्तादांनी विनयाने मान खाली घातली. ती त्यांना फार छान घालता यायची.

डॉक्टर गेल्यावर बायको बाहेर आली. हे बोलायला तिला बराच धीर गोळा करावा लागला होता.

“अहो, वर्ग मी घेते.”

उस्ताद आधी हसले. मग नीट हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “अगं, चार माणसांसमोर तुझं तोंड उघडत नाही. तू काय शिकवणार?”

“तोंडाने कुठे गुंडाळायचंय? हाताने गुंडाळायचंय.”

“आणि लोक काय म्हणतील? तू शिकवतेस, मग उस्ताद करतात काय?”

प्रश्न अतिशय चांगला होता.

ती मागच्या खोलीत आली. तिला तो वर्ग हवा होता. काठीवर नाव नको, सोनेरी शाई नको. फक्त एकदा कुणीतरी आपल्या हाताकडे बघून ‘हे कसं केलंत?’ असं विचारावं, एवढंच हवं होतं, आणि ते हवं आहे म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता. तिने पेन उचललं. या वेळी एक ओळ पुरली नाही. मजकूर काठीभोवती वेढे घेत खाली उतरला. मग त्यावर निरोगी दातासारखा पांढरा दोरा, आणि पांढऱ्याच्या मधोमध काळ्या-सोनेरी हिऱ्यांची रांग. अकरा दिवस लागले. इतकं देखणं काम तिच्या हातूनही आधी झालं नव्हतं.

बाराव्या दिवशी दूधपाण्याची बाटली संपलेली निघाली, म्हणून ती नवी आणायला दुकानात गेली. परत येते तो उस्ताद बाह्या सरसावून काठीसमोर बसलेले आणि हातात वार्निशाचा कुंचला.

“अहो, थांबा! अजून त्याच्यावर…”

“सभा उद्यावर आली. डॉक्टरांचा फोन होता.”

“दूधपाणी लावायचं राहिलंय.”

“राहू दे की! काय अडलंय त्या पाण्यावाचून? आता वार्निशातलंही तूच शिकवणार का मला?”

तिने आणलेली नवी बाटली कपाटात ठेवून दिली. कुंचला पांढऱ्या दोऱ्यावरून मजेत फिरत होता.

सकाळी ती मोटरपाशी गेली. काठी संथ फिरत होती, पांढऱ्या दोऱ्यातून खालचा काळा रंग धुरकट दिसत होता आणि तिचं अक्षर एकेक करत वर येत होतं, खाली जात होतं, पुन्हा वर येत होतं. वार्निशाने ते आणखी झळकत होतं. एक पातं घेऊन दोरा उभा चिरला असता तर सगळं मिटलं असतं. पण अकरा दिवसांचं काम होतं ते. तिचा हात पात्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तेवढ्यात उस्ताद आले, हातभर अंतरावरून काठीकडे बघून खूश झाले. “बघ! म्हणे दूधपाणी हवं. संगमरवर उतरलाय, संगमरवर! शिरासुद्धा आल्यात!”

ती कपाटाकडे गेली. डबी उघडली आणि चष्मा त्यांच्यासमोर धरला. “एकदा हा लावून बघा. मग न्या.”

“मी काय म्हातारा झालोय? ही नजर…”

“ससाण्याची,” ती म्हणाली. तिने चष्मा परत डबीत ठेवला. आपण सांगितलं नाही असं आता कुणालाही म्हणता येणार नव्हतं.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. ती शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसली. उस्ताद पुढे उभे राहिले आणि त्यांची गाडी जी सुटली ती थांबेना. “मित्रहो, ही संगमरवरी नक्षी माझा स्वतःचा शोध आहे. अकरा दिवस डोळ्याला डोळा नाही. कला रक्त मागते!”

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी काठी हातात घेतली. दातांतली कीड शोधण्यात उभा जन्म गेलेला माणूस तो. खिशातून भिंग काढून ते पांढऱ्या दोऱ्यावर वाकले.

“उस्ताद, हे काहीतरी लिहिलंय.”

“शिरा आहेत त्या.”

“शिरांना वेलांटी असते होय?” डॉक्टर काठी फिरवत एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागले. पुढे काय येणार हे त्यांनाही काठी फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. “हे… काम… माझं. दहा-अकरा दिवस लागतील. उस्ताद… तेवढे दिवस… शेजारच्या खोलीत… घोरत असतील. मग… सही करायला… उठतील.”

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्याला सोबत मिळाली.

“कारखान्यातून छापून आलं असेल,” उस्ताद म्हणाले.

“कारखान्यापर्यंत ऐकू जातं तुमचं घोरणं?”

डॉक्टरांनी काठी आणखी फिरवली, वाचलं आणि एकदम अंगठा ठेवला. पण शेजारी पोस्टमास्तर होते, आणि दुसऱ्याचा मजकूर दिसला की त्यांना राहवत नसे. त्यांनी डॉक्टरांचा अंगठा बाजूला केला. “गिऱ्हाईक दाताचे डॉक्टर. यांच्या गळाला मासा लागलाच, तर तो जगण्याला कंटाळलेला असणार.”

आता मात्र सभागृह दणाणलं. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. ते हसण्यावारी नेणार की काठी आपटणार, हे क्षणभर त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. शेवटी त्यांनी घसा खाकरला. “उस्ताद, एकच सांगा. या दोऱ्याची गाठ कुठे मारलीत?”

“गाठ? गाठ… आतल्या बाजूला. चांगली घट्ट.”

“गाठ नसतेच.”

आवाज शेवटच्या रांगेतून आला. तो आपलाच आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. चाळीस माना वळल्या. ती उभी राहिली. आता बसायची सोय नव्हती.

“फास आधी वेढ्यांखाली ठेवायचा. त्यात टोक अडकवून आत ओढायचं. अक्षर माझं आहे. कामही माझंच.”

डॉक्टरांनी भिंगातून हिऱ्यांची रांग पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. “हे हिरे इतके सरळ एका रेषेत कसे आणलेत?”

वीस वर्षांनी तो प्रश्न आला होता. “सोमवारी दाखवते,” एवढंच ती म्हणाली.

“सोमवारी,” डॉक्टरांनी ठरवून टाकलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “बाई, माझ्या आधीच्या दोन काठ्या आहेत. त्यांच्या पोटात काय आहे?”

“दोरा उसवून बघा.”

“नक्षी जाईल हो!”

“मग राहू द्या.”

त्या दिवशी घरी जाताना मंडळाचे सभासद मिरवायला आणलेल्या आपापल्या काठ्या जरा लांब धरून चालत होते. एकाचीही उसवायची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती समोरच्या खोलीत आली तर ते जमिनीवर बसलेले, मांडीवर लाल-पिवळ्या नक्षीची जुनी काठी. ही काठी दारावर टांगलेली असायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने गुंडाळलेली पहिली काठी, खास त्यांच्यासाठी. त्यांनी वार्निश खरवडून दोरा चिरला होता. लाल-पिवळ्या धाग्यांचा कचरा भोवती पडला होता, आणि उस्तादांच्या नाकावर चष्मा होता.

तिला धाग्यांकडे बघून वाईट वाटलं. पण ती ओरडली नाही.

“इथे काहीच नाही,” ते म्हणाले. आवाजात तक्रार होती. “सगळ्यांच्या काठ्यांवर लिहिलंस. माझ्याच काठीवर काही नाही लिहावंसं वाटलं?”

“तेव्हा लिहायची गरज नव्हती,” ती म्हणाली. “तेव्हा मी तुम्हाला सांगायचे, आणि तुम्ही ऐकायचात.”

ती मागच्या खोलीत गेली. सोमवारसाठी दोऱ्याची रिळं निवडायची होती.

उस्ताद तिथेच बसून राहिले. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ती कोरी काठी खिडकीच्या उजेडात धरून परत एकदा पहिल्यापासून फिरवायला घेतली, कुठे एखादं अक्षर नजरेतून सुटलं असलं तर.